तारेतला एक शब्द

भंडारा
१२ जुलै २०२४

प्रिय चंद्रप्रभा,

सप्रेम जयभीम.

अक्षर ओळखलंस की नाही कोण जाणे. आठ वर्षांपूर्वी विष्णूराव गेले तेव्हा दोन ओळींचं कार्ड पाठवलं होतं, त्यानंतर हेच. फोन का केला नाही असं तू म्हणशील. गेल्या दोन वर्षांत माझे कान अगदीच गेले. यंत्र लावलं की पंख्याचा आवाज येतो, माणसाचा येत नाही. तेव्हा पत्रच बरं.

काम असं आहे. चैतन्यची मुलगी, माझी नात इशिता, हिला दिल्लीत विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. विषय भाषाशास्त्र. वसतिगृहात जागा मिळेपर्यंत बाहेर राहावं लागेल. मुनिरका नावाची वस्ती विद्यापीठाच्या जवळ आहे म्हणतात. आमचं तिथे कोणी नाही. म्हणजे तू आहेस, पण इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने सांगावं हे मला कळत नव्हतं. तुझी वहिनी म्हणाली, सख्ख्या बहिणीला सांगायला तोंड कशाला लागतं, पेन लागतं.

खोली पाहून देशील का? पोरगी शहाणी आहे. फक्त जेवायची आठवण करून द्यावी लागते.

तुझा
दादा


वसुंधरा, गाझियाबाद
२५ जुलै २०२४

प्रिय दादा,

जयभीम. अक्षर ओळखलं. 'भ'ची गाठ तू अजून तशीच मारतोस.

इशिता आली आहे. पहिले चार दिवस माझ्याकडेच होती. काल तिला मुनिरकाच्या खोलीत सोडून आले. तिसरा मजला, गल्ली इतकी अरुंद की स्कूटर आली की भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं, पण खोलीत ऊन येतं आणि घरमालकीण खालीच राहते. मी तिला बिल्कुल स्पष्ट सांगितलं, दर रविवारी मुलगी माझ्याकडे जेवायला येणार, नाही आली तर मला फोन करायचा.

खोली शोधताना आमच्या जुन्या सरकारी क्वार्टरवरून गेलो. रामकृष्णपुरम, सेक्टर चार. आठवतं तुला? नाही, तू कधी आलाच नव्हतास. तेव्हा तिथून मुनिरकापर्यंत चालत जायचो आम्ही, दुधासाठी. म्हशी असायच्या. आता आमच्या ब्लॉकची अर्धी घरं पाडली आहेत. समोरचा पार्क मात्र आहे. बाबा ज्या बाकावर बसायचे तो गेला.

मुलीची काळजी करू नकोस.

चंद्रप्रभा


भंडारा
१० ऑगस्ट २०२४

प्रिय चंदा,

तुझं पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे ती ओठ हलवत होती आणि मी मागून पुन्हा वाचलं. पोरीला ऊन येणारी खोली मिळाली हे ऐकून बरं वाटलं. तुझे उपकार आहेत.

बाबांच्या बाकाचं वाचून मन मागे गेलं. तुमसरला आपण लहान असताना बाबा टपाल वाटून घरी यायचे, खाकी टोपी खुंटीला लावायचे, आणि तू ती डोक्यात घालून शेजाऱ्यांना लिंबाची पानं वाटायचीस. 'तुमचं पत्र आलंय' म्हणून. पान घेतलं नाही की रडायचीस. म्हातारपणी हे असलंच आठवतं, काल काय जेवलो ते आठवत नाही.

एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. बाबांच्या बाबतीत जे झालं ते मी केव्हाच मनातून काढून टाकलं आहे. माणसाकडून चूक होते. तू तेव्हाच कबूल केलं होतंस आणि मीही तेव्हाच माफ केलं होतं. इतकी वर्षं तू उगाच दूर राहिलीस. आता इशिताच्या निमित्ताने का होईना, जाणं-येणं सुरू होऊ दे.

तुझा
दादा


वसुंधरा
८ सप्टेंबर २०२४

दादा,

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर लिहिलं नाही. लिहायला बसायचे आणि कागद फाडायचे. आज लिहितेय त्याला कारण तुझी नात.

तिला विद्यापीठात काम दिलंय. इंग्रजीतला एक शब्द घ्यायचा, जो आपली माणसं रोज वापरतात, आणि तो कोण, कुठे, कशासाठी बोलतं ते आठवडाभर वहीत उतरवायचं. तिने 'सॉरी' घेतला. रविवारी जेवताना वही उघडून मला वाचून दाखवत होती. मेट्रोत एका बाईने पायावर पाय दिला, सॉरी. भाजीवाला म्हणाला, सॉरी आंटी, धनिया खत्म. वर्गात तिला ऐकू आलं नाही तेव्हा तिने सरांना विचारलं, सॉरी? खालच्या मजल्यावर नवरा-बायको भांडत होते, नवरा ओरडत होता, सॉरी बोला ना यार, और क्या करूं! मी हसत होते.

मग ती म्हणाली, "आजी, आज मैत्रिणीचे आजोबा गेल्याचं कळलं. मी पण तिला सॉरीच म्हटलं. मग मनात आलं, मी कशाबद्दल माफी मागतेय? मराठीत काय म्हटलं असतं?"

मी म्हटलं, "फार वाईट झालं, असं म्हणतात."

"म्हणजे एकाच शब्दात दु:ख पण आणि चूक पण?"

दादा, मी उठून आत गेले. पोरगी घाबरली, मागे आली, "आजी सॉरी, सॉरी" म्हणत. तिला काय सांगणार.

तुला सांगते. सदतीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

मी मंत्रालयात स्टेनो होते. साहेबांची शोकपत्रं मीच टाइप करायचे. कोणाचे वडील गेले, कोणाची बायको गेली, की साहेब म्हणायचे, "चंद्रप्रभा, वो सॉरीवाला लेटर निकालो." आय अ‍ॅम सॉरी टु लर्न, आय अ‍ॅम डीपली सॉरी. महिन्याला पाच-सात तरी. माझी बोटं ते आपोआप लिहायची. बाबा गेले त्या दुपारी मी तारघरात फॉर्म भरायला उभी राहिले तेव्हा डोकं चालत नव्हतं. बोटांनी लिहिलं, बाबा एक्स्पायर्ड धिस मॉर्निंग. आय अ‍ॅम सॉरी. चंदा.

म्हणजे, दादा, फार वाईट झालं. आपले बाबा गेले. एवढंच म्हणायचं होतं मला.

तू ते काय वाचलंस हे मला कळलं पंधरा दिवसांनी. मी अस्थी घेऊन भंडाऱ्याला आले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, वंदना झाली, सगळा समाज बसलेला. तू उठलास, माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "झालं ते झालं, चंदा. मी तुला माफ केलं."

मी विचारलं, "कशाबद्दल?"

तू म्हणालास, "दिल्लीची थंडी बाबांना सोसणार नाही, नेऊ नकोस, असं मी ऑक्टोबरात सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस. तारेत तूच कबूल केलंस ना?"

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. कोणी तरी म्हणालं, मोठ्या मनाचा भाऊ आहे. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघाले. त्यानंतर तुला माझ्याकडून लग्नाच्या पत्रिका तेवढ्या आल्या.

न मागितलेली माफी तू मला चार लोकांत दिलीस. आणि गेल्या महिन्यात पत्रातून परत एकदा.

चंद्रप्रभा


वसुंधरा
२० ऑक्टोबर २०२४

दादा,

तुझं उत्तर नाही. इशिता म्हणते तब्येत ठीक आहे, खाता-पिता आहेस, फक्त दिवसभर ओसरीवर बसून असतोस. मी जरा जास्तच लिहिलं का? पण जे लिहिलं ते खरं आहे, त्यातली एक ओळही मी मागे घेणार नाही.

तरी दोन ओळी लिही. या वयात कोणाचं पत्र आलं नाही की मन नको तिकडे जातं.

इथे हवा खराब व्हायला लागली आहे. सकाळी समोरची इमारत दिसत नाही. इशिताला मास्क घेऊन दिले.

चंदा


भंडारा
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय चंदा,

दोन महिने लिहू शकलो नाही. राग आला म्हणून नाही. जे लिहायचं होतं ते मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलाही नाही.

मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आठवीच्या पुस्तकात एक धडा होता, रमेशची आजी आजारी असते आणि त्याचा मित्र म्हणतो, आय अ‍ॅम सॉरी टु हिअर दॅट. दर वर्षी कोणी तरी पोरगं विचारायचं, "सर, यानं काय केलं? हा का माफी मागतो?" आणि दर वर्षी मी फळ्यावर दोन्ही अर्थ लिहून द्यायचो. एक माफीचा, एक दु:खाचा. तुझी तार आली त्या वर्षीही हा धडा झाला होता.

तेव्हा मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. तार हातात घेतली तेव्हा दोन्ही अर्थ समोर होते. मी मला हवा तो घेतला.

का घेतला ते सांगतो.

डिसेंबरात बाबांचं एक पोस्टकार्ड आलं होतं. शाळेच्या पत्त्यावर, घरच्या नाही. तुला ठाऊक आहे, आयुष्यभर लोकांची पत्रं वाटली पण स्वत: लिहायचे ते दोन ओळी. त्यात होतं, "गुणवंता, चंदा खूप करते पण मला इथे करमत नाही. येऊन घेऊन जा." मी ते दोनदा वाचलं. त्या वेळी आम्ही दोन खोल्यांत राहत होतो, चैतन्य लहान होता, तुझी वहिनी नोकरीला लागली होती. बाबा आले तर दिवसभर त्यांच्याकडे कोण बघणार, हा विचार माझ्या मनात आला. मी उत्तर लिहिलं, दहावीची परीक्षा जवळ आहे, मार्चअखेर येतो. परीक्षा खरी होती. पण चार दिवस रजा मिळाली असती. मी मागितलीच नाही.

ते कार्ड मी शाळेतल्या खणात ठेवलं. जानेवारीत तुझी तार आली. त्यात सॉरी होतं. चंदा, मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटते लिहायला. वाटलं, चला, चूक कोणाची ते तिनेच लिहून दिलं. मग चार लोकांत मोठ्या मनाने माफ करणं सोपं होतं. माझ्या मनावरचं ओझं मी तुझ्या डोक्यावर ठेवलं, तेही आशीर्वाद दिल्यासारखा हात ठेवून.

निवृत्त झालो तेव्हा खण रिकामा केला. कार्ड सापडलं नाही. बहुधा कधी तरी मीच फाडून टाकलं असेल.

माझं चुकलं. मराठीत लिहितो आहे, म्हणजे दुसरा अर्थ निघायला नको.

एकच विचारतो. शेवटच्या दिवसांत बाबा माझ्याबद्दल काय म्हणायचे? रागावले होते का? जे असेल ते लिही.

दादा


वसुंधरा
२ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचलं. बाबांना करमत नव्हतं हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ते खूश आहेत. मी त्यांना लोकरीचे मोजे आणले, रूम हीटर आणला, रविवारी लाल किल्ला दाखवला. ते "अच्छा है, अच्छा है" म्हणायचे. माझ्याशीही हिंदीत! आणि मनातून तुमसर-भंडारा करत होते. तुझं खोटं वाचून आला नाही इतका राग त्या पोस्टकार्डाचा आला, आणि मग रडू आलं.

तू विचारलंस ते सांगते.

तुझं उत्तर आलं तेव्हा त्यांनी मला वाचून दाखवलं, "गुणवंता मार्चात येतो आहे." मला वाटलं, तू दिल्ली बघायला येतोयस. मी तर कुतुबमिनार कधी दाखवायचा ते पण ठरवून टाकलं होतं. बाबांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मार्चचं पान उलटून बघितलं आणि परत जानेवारी लावला. मग रोज पार्कात उन्हात बसून, शेजारच्या कौशल्या भाभींना सांगायचे, "मेरा लडका अंग्रेजी का मास्टर है. दसवी का क्लास उसके बिना नहीं चलता. एग्झाम होते ही आएगा." भाभी मला म्हणायच्या, तुम्हारे पिताजी तो बस बेटे की बात करते हैं. तेव्हा मला जरा लागायचंही. मी एवढं करते आणि कौतुक त्या भंडाऱ्यातल्याचं!

रागावलेले नव्हते, दादा. तू येणार याची त्यांना पूर्ण खात्री होती. एक दिवस मला विचारलं, इथली तिळाची गजक किती दिवस टिकते? मी म्हटलं, महिना-दोन महिने. म्हणाले, मग मार्चात घेऊ, चैतन्यला आवडेल. कोणासाठी, कशासाठी, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

आता माझं ऐक. तू एवढं लिहिलंस तर मलाही लिहायला हवं.

तुझी माफी मला इतकी का झोंबली, हे मी सप्टेंबरात अर्धंच सांगितलं. त्या सकाळी, सोमवार होता, मी डबा भरत होते. बाबा दाराशी आले आणि म्हणाले, "आज सुट्टी घेतेस का?"

मी विचारलं, "का? बरं नाही का?"

"तसं काही नाही. छाती जरा जड वाटते. गॅस असेल."

ऑफिसात बजेटचं टायपिंग चालू होतं. रजा मागितली तर साहेबांचं तोंड बघवत नाही असे ते दिवस. मी म्हटलं, "आज नाही बाबा. भाभींना सांगून जाते. संध्याकाळी लवकर येते, डॉक्टरकडे जाऊ." ते म्हणाले, "हो, हो, जा तू. बस चुकेल." आणि माझी पर्स खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली.

साडेअकराला ऑफिसात फोन आला. मी पोचले तेव्हा ते अंगणातल्या खाटेवर उन्हात होते, भाभींनी हात धरलेला होता. भाभी म्हणाल्या, काही त्रास झाला नाही, पाणी मागितलं आणि पिण्याआधीच गेले.

तिथून मी तारघरात गेले. मी तुला लिहिलं की बोटांनी आपोआप सॉरी लिहिलं. ते खरं आहे. पण लिहून झाल्यावर मी तो शब्द वाचला, दादा. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, बस इतना ही? आणि मी त्या शब्दाकडे बघत उभी राहिले. खोडता आला असता. नाही खोडला. म्हणून भंडाऱ्यात तू डोक्यावर हात ठेवलास तेव्हा 'कशाबद्दल?' एवढं विचारून मी गप्प राहिले. तुला काही माहीत नव्हतं आणि तरी तू बरोबर जागी हात ठेवला होतास. सगळ्या बायकांसमोर मला तोंड उघडून म्हणता आलं नाही की माझी काही चूक नाही.

विष्णूंनाही मी ही सकाळ कधी सांगितली नाही. आमच्या मुलाला, मानसला तर नाहीच, त्याला त्याचे आजोबा आठवतही नाहीत.

तेव्हा तू भलत्याच गोष्टीसाठी माफ केलं होतंस. खरी गोष्ट ही आहे. आता काय म्हणायचं ते म्हण.

चंदा


भंडारा
१५ डिसेंबर २०२४

चंदा,

काल तुझं पत्र आलं. तुझ्या वहिनीला माझ्या-तुझ्या दोन्ही पत्रांतलं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग माझ्याशी बोलायला ठेवलेल्या पाटीवर लिहिलं, "मला तेव्हा विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, घेऊन या." ती पाटी मी दिवसभर पुसली नाही.

तू म्हणतेस, काय म्हणायचं ते म्हण. माफ केलं असं मी आता कोणालाही लिहिणार नाही. तो माझा अधिकार तेव्हाही नव्हता. मला फक्त इतकं दिसतं की त्या हिवाळ्यात तुला रजा नव्हती आणि मला परीक्षा होती, आणि आपला बाप आपल्या दोघांनाही म्हणाला, जा तू, बस चुकेल. त्याला आपल्या दोघांच्या नोकऱ्यांचं किती कौतुक होतं! गावातला पहिला मास्तर आणि मंत्रालयातली पोरगी. त्याच्यापुढे त्याने स्वत:चं काही मोठं मानलंच नाही. आपण मात्र जवळजवळ अडतीस वर्षं एकमेकांपासून तोंड लपवलं. तेही कळत असताना.

ऑफिसातून तू घरी पोचलीस, बाबांना बघितलंस आणि तशीच एकटी चालत तारघरात गेलीस, हे वाचल्यापासून मला ते सारखं दिसतं आहे. तेव्हा तुझ्याबरोबर मी असायला हवा होतो.

चैतन्यला तिकीट काढायला सांगितलं. तो म्हणाला, थंडी आहे, धूर आहे, तुम्ही शहात्तर वर्षांचे, फेब्रुवारीत जा. इशितानेही फोनवर तेच सांगितलं म्हणे. मी दोघांचंही ऐकलं नाही. एकोणीस जानेवारी ही बाबा गेल्याची तारीख. सतराच्या सकाळी मी निजामुद्दीनला उतरतो. तुझी वहिनीही येते आहे.

पंचशीलाचं पुस्तक मी आणतो. फोटो तुझ्याकडचा लावू. आमच्याकडच्या फोटोत बाबा फार गंभीर दिसतात.

पोहोचल्यावर पहिल्यांदा मला तुझ्या त्या क्वार्टरकडे घेऊन चल. पाडलं असलं तरी चालेल. अंगण कोणत्या बाजूला होतं तेवढं हाताने दाखव.

तुझा
दादा